व्याही बाग बघायला निघतात

नाशिक शहरात असं एकही फाटक नसेल, ज्याच्यावरून माझ्या व्याह्यांनी टाचा उंचावून आत डोकावून बघितलेलं नाही. गंगापूर रोडचे बंगले असोत, इंदिरानगरची रो-हाउसेस असोत की पंचवटीतल्या जुन्या घरांच्या गच्च्या असोत, जिथे म्हणून कुणी मातीत चार पानं वाढवली आहेत तिथे हा माणूस जाऊन आलेला आहे, टेप लावून आलेला आहे आणि 'पाच मिनिटांत निघतो' असं सांगून दीड तास बसून आलेला आहे. कॉलन्यांमधली कुत्री आता त्यांच्यावर भुंकत नाहीत. माळी मात्र त्यांची स्कूटर दिसली की पाइप तसाच वाहता सोडून मागच्या बाजूला काहीतरी काम काढतात. आणि एवढं सगळं करून त्यांच्या स्वतःच्या घरापुढे, पाथर्डी फाट्याजवळच्या बैठ्या बंगल्यापुढे, अठरा बाय बावीस फुटांचा जो मोकळा तुकडा होता, त्यावर तीन वर्षांत गवताची काडी उगवलेली नव्हती. उगवली तर ते स्वतः उपटायचे. "प्लॅन अजून फायनल नाही," असं त्यांचं म्हणणं.

व्याही म्हणजे माझ्या मुलीचे सासरे. एवढं सांगितलं की माझी अवस्था वेगळी सांगायला नको, कारण मी मुलीचा बाप आहे. आमची मुलगी या गोष्टीवर पोट धरून हसते. ती स्वतः सासऱ्यांशी हक्कानं भांडते, त्यांच्या ताटातली जिलबी उचलते आणि "बाबा, तुम्ही सरळ नाही म्हणा ना त्यांना," असा मला सल्ला देते. पण आमच्या पिढीतल्या मुलीच्या बापाला मुलाच्या बापासमोर 'नाही' म्हणता येत नाही, त्याला कोण काय करणार! लग्नात व्याह्यांचा मान, विहिणीची पंगत, रुसवेफुगवे या सगळ्याची मनाची तयारी करून मी हात जोडून उभा होतो, आणि या गृहस्थांनी काहीच मागितलं नाही. मानाचा फेटासुद्धा 'डोकं गरम होतं' म्हणून उतरवून माझ्या हातात दिला. मी मनात म्हटलं, सुटलो. पुढे कळलं की त्या सगळ्या मानाच्या बदल्यात त्यांनी माझे रविवार घेतले आहेत.

रविवारी सकाळी साडेसहाला फोन वाजतो. "व्याही, उठलात का?" मी आयुष्यभर बँकेत होतो. रविवारी साडेआठपर्यंत झोपणं हा माझ्या खात्यावरचा एकमेव पराक्रम. पण मुलीचा बाप जांभई गिळून "केव्हाच" म्हणतो. "मग या खाली, मी सोसायटीच्या गेटपाशीच आहे." खाली ते स्कूटरवर बसलेले असतात. पांढरा हाफ शर्ट, खिशाला दोन पेन्सिली, डोक्याला कॅनव्हासची टोपी आणि खांद्याला एक शबनम, तीत पन्नास फुटी टेप, लहानसं होकायंत्र आणि निळ्या पुठ्ठ्याची वही. चौतीस वर्षं ते मोजणी खात्यात होते. जिल्ह्यातल्या निम्म्या बांधांवरून ते चालले आहेत आणि उरलेल्या निम्म्या बांधांवरची भांडणं त्यांनी ऐकून घेतली आहेत. त्यामुळे बागेत शिरल्यावर तुम्हीआम्ही फुलं बघतो, हे आधी उत्तर दिशा बघतात. यजमान कौतुकानं म्हणतात, "हा बघा काळपट गुलाब, मुद्दाम मागवलाय," तर हे म्हणतात, "छान आहे. कुंपणापासून किती?" आणि टेप निघतो. टेपचं शून्याचं टोक धरून ठेवणं हे माझं काम. ते टोक मी निवडुंगात बसून धरलं आहे, पाणी सोडलेल्या वाफ्यात उभं राहून धरलं आहे आणि एकदा तर नुकत्याच व्यालेल्या मांजरीच्या खोक्याशेजारी, तिची नजर चुकवत धरलं आहे. मग वहीत त्या बागेचा नकाशा उतरतो. वर बाण काढून 'उ' लिहिलं जातं, खाली कब्जेदार म्हणून घरमालकाचं नाव, आणि शेजारी चतुःसीमा: पूर्वेस तारेचं कुंपण, पश्चिमेस जास्वंद, दक्षिणेस गांडूळखताचा खड्डा, उत्तरेस कुत्रा (बांधलेला).

या मोजण्यापायी कधीकधी नको ते होऊन बसतं. गंगापूर रोडला एका डॉक्टरांची हिरवळ फार नावाजलेली आहे. पाऊल ठेवायला आपल्यालाच संकोच वाटावा अशी. डॉक्टरांनी हौसेनं आम्हाला आत घेतलं, वेताच्या खुर्च्या मांडल्या, कॉफी मागवली. व्याह्यांनी हिरवळ मोजली, सवयीनं टेप भिंतीपर्यंत नेला, डोळे बारीक केले आणि कप खाली न ठेवता म्हणाले, "डॉक्टर, तुमची उत्तरेकडची भिंत नऊ इंच आत आली आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे शेजाऱ्यांचा आंबा तुमच्या जागेत उभा आहे."

आम्ही गेलो होतो हिरवळीला खत कुठलं घालतात ते विचारायला. निघालो तेव्हा डॉक्टर शेजाऱ्यांच्या दारावरची बेल दाबत होते. त्या कैऱ्या कुणाच्या, यावरून पुढे दोन घरांचं बोलणं बंद झालं आणि आम्हाला तो रस्ता. व्याह्यांना पश्चात्ताप म्हणून नव्हता. "हिरवळ चांगली आहे," ते स्कूटर सुरू करताना म्हणाले, "पण हद्द क्लियर नाही. आपल्याला चालणार नाही."

रिटायर होऊन अकरा वर्षं झाली तरी त्यांची भाषा अजून ऑफिसातच बसलेली आहे. लहान कुंडीतलं रोप मोठ्या कुंडीत लावलं की त्याची 'बदली' झाली. मान टाकलेलं रोप 'वैद्यकीय रजेवर' असतं, किडीनं खाल्लेलं 'चौकशीखाली', आणि वाळून गेलेल्याला ते हळू आवाजात 'सेवामुक्त' म्हणतात. लावलेल्या फांदीला पहिलं पान फुटलं की सगळं जग ती रुजली म्हणतं, हे म्हणतात 'रुजू झाली'. मला आधी वाटलं की गंमत करताहेत. पण चेहऱ्यावर हसण्याची रेघसुद्धा नव्हती, म्हणून मीही गंभीर राहिलो. पंचवटीत गणिताच्या एक निवृत्त बाई आहेत, त्यांच्या गच्चीवर दीडेकशे कुंड्या. काटेरी झाडांना त्यांनी आपण ज्यांच्या हाताखाली काम केलं त्या मुख्याध्यापकांचे नंबर दिलेले आहेत. एका गोल निवडुंगाकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, "हे आमचे चौथे मुख्याध्यापक. कितीही लाड करा, ढिम्म!" व्याह्यांनी वही उघडून विचारलं, "रुजू कधी झाले?" बाईंनी तितक्याच गांभीर्यानं तारीख सांगितली. त्या दोघांचं एकमेकांशी जे काही जमलं, त्यात मला बोलायला कुठे फटच मिळाली नाही.

त्याच बाईंनी निघताना ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या जास्वंदीच्या दोन फांद्या पुढे केल्या, आणि व्याही विंचू दिसल्यासारखे दोन पावलं मागे सरकले. मोजणीला गेल्यावर पक्षकाराच्या घरचं पाण्याखेरीज काही घ्यायचं नाही, हा नियम त्यांनी चौतीस वर्षं पाळलेला. पुढेपुढे चहा-कॉफीपर्यंत ते उतरले, पण वस्तू म्हणून काही हातात घ्यायची नाही म्हणजे नाही.

"अहो, रिटायर होऊन अकरा वर्षं झाली म्हणता ना? आता कोण पकडणार आहे तुम्हाला?"

"पकडणारं कुणी राहिलं नाही, म्हणूनच जपायचं," ते म्हणाले.

"जास्वंदीची फांदी आहे ती," बाई तडकल्या, "सातबारा नव्हे!"

पण गृहस्थ बधले नाहीत. सगळीकडे हाच प्रकार. कुणी शेवंतीच्या मुळाशी फुटलेले मुनवे देऊ करतं, कुणी अबोलीच्या बिया कागदात बांधून देतं, आणि हे हात जोडून "आम्ही फक्त बघायला आलोय" म्हणत बाहेर पडतात. वहीतले नकाशे वाढत गेले. घरापुढची माती होती तेवढीच राहिली.

त्या मातीकडे तोंड करून ओट्यावर खुर्ची टाकून विहीणबाई बसलेल्या असायच्या. बाई अतिशय कमी बोलणाऱ्या. गुडघे धरले की ओट्याच्या दोन पायऱ्याही त्यांना जड जातात, त्यामुळे आमच्या बागयात्रांना त्या कधी आल्या नाहीत. आम्ही परत आलो की त्या चहा ठेवायच्या आणि विचारायच्या, "मग आज काय ठरलं?" आणि आज काय ठरलं हे सांगताना व्याह्यांच्या अंगात यायचं. एका रविवारी पांढरे खडे आणि मध्ये ठेंगणी जपानी झाडं. पुढच्या रविवारी खडे रद्द, दोडक्याचा आणि घोसाळ्याचा मांडव. त्याच्या पुढच्या रविवारी कारंजं. दर वेळी जुन्या खुंट्या उपटायच्या, नव्या ठोकायच्या, त्यांना सुतळी बांधायची. त्या सुतळीवर विहीणबाई उन्हाळ्यात फडकी वाळत घालायच्या आणि मधल्या चौकोनात चटई टाकून कुरडया. मी एकदा म्हटलं, "व्याही, काहीतरी एक लावून तर बघा." तर म्हणाले, "एकदाच करायचीय. हिला चौतीस वर्षं काही करून देता आलं नाही. आता द्यायची ती जिल्ह्यात अव्वल पाहिजे." यावर मुलीच्या बापानं काय बोलावं!

एका रविवारी ते आत पाय धुवायला गेले असताना मी आपलं बोलायचं म्हणून विहीणबाईंना विचारलं, "तुम्हालाही आवड आहे का हो झाडांची?"

"होती की," त्या म्हणाल्या. "घोटीला क्वार्टरच्या मोरीमागे मी सोनटक्का लावला होता. तिकडे पाऊस असा, की रोवलेली काठीसुद्धा फुटते. कळ्या धरल्या आणि यांची ऑर्डर आली. वणीला शेवंती लावली, तिचंही तेच. नांदगावला पाणी कुठलं! तांदूळ धुतलेलं, भांडी विसळलेलं पाणी घालघालून एक पांढरा चाफा जगवला, चार वर्षं. पहिला गुच्छ यायचा त्या उन्हाळ्यात आम्ही सामान बांधलं." त्यांनी चहावरची साय बोटानं बाजूला केली. "मग लावायचंच सोडून दिलं. म्हटलं, आता जिथून कुणी उठवणार नाही अशा आपल्या घरी लावू. फुलं आपणच बघू." मग ओट्याखालच्या खुंट्यांकडे बघून हसल्या. "होऊ दे यांच्या मनासारखं. माझ्यासाठीच चाललंय ना."

मला त्या दिवशी चहा गोड लागला नाही. सत्तरीला टेकलेला नवरा बायकोसाठी बाग शोधत गावभर हिंडतोय, आणि बायको ओट्यावर बसून तो कधी थांबतो याची वाट बघतेय. आणि टेपचं शून्याचं टोक धरून मीही त्याला हातभार लावतोय! व्याह्यांना सांगावं असं फार वाटलं. पण जीभ रेटली नाही.

ते काम शेवटी दिंडोरीकडच्या एका माउलीनं केलं. झालं असं, की दूध घ्यायला गेलेल्या व्याह्यांना कुणीतरी सांगितलं, दिंडोरीच्या पुढे अमक्या पाटलांची बाग बघण्यासारखी आहे, नंबर घ्या. आता आमच्या नाशिक जिल्ह्यात 'बाग' म्हटलं की ती द्राक्षाची, आणि माघ-फाल्गुनात 'बाग बघायला येतो' असं म्हणणारा माणूस म्हणजे द्राक्षाचा व्यापारी, हे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. जन्मभर शिवारं मोजलेल्या माझ्या व्याह्यांनाही ठाऊक असणारच. पण तीन वर्षं फुलझाडांचा ध्यास घेऊन त्यांच्या डोक्यातल्या 'बाग' या शब्दाचा दुसरा अर्थ पार पुसून गेला होता. त्यांनी फोन केला, "रविवारी आम्ही दोघं तुमची बाग बघायला येतो." पलीकडून आवाज आला, "या की साहेब. लय वाट बघून ऱ्हायलो."

आम्ही पोचलो तर पाटील रस्त्यापर्यंत घ्यायला आलेले. हार घालायचे तेवढे राहिले होते. समोर मांडवाखाली घडच्या घड लोंबत होते. मी व्याह्यांच्या बाहीला हळूच हिसका दिला, पण ते होकायंत्र काढण्यात गर्क. मग त्यांनी टेप लावून दोन ओळींतलं अंतर घेतलं, वेलींचं अंतर घेतलं, वहीत लिहिलं, मान हलवली. पाटील मागून सांगताहेत, "मण्याची साईज बघा, साहेब. एकसारखा माल हे. औषधाचा डाग नाय कुठं." हे गप्प. पाटलांनी घड तोडून पुढे केला. ह्यांनी दोन्ही हात मागे घेतले. एवढा कडक व्यापारी पाटलांनी जन्मात पाहिला नसणार. बिचाऱ्यांच्या कपाळावर घाम आला. "साहेब, कायतरी बोला. काय मनात हे तुमच्या?"

व्याह्यांनी वही मिटली. "स्पष्ट सांगू का? निगा उत्तम आहे. पण सगळं एकसारखंच लावलंय तुम्ही. कडेनं थोडी शेवंती, मध्ये चार गुलाब, बसायला एखादं बाकडं असतं तर शोभा आली असती."

पाटील त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिले. मग माझ्याकडे बघितलं. मला आता मुलीचा बाप राहणं परवडण्यासारखं नव्हतं. मी सगळं सांगून टाकलं, घरापुढचा तुकडा, वही, खुंट्या, सगळं. पाटलांना असं काही हसू फुटलं की ते मांडवाचा खांब धरून खाली क्रेटवर बसले. "अगं ए, बाहेर ये," त्यांनी घराकडे हाक मारली, "हे साहेब आपल्या बागंत गुलाब लावाया आलेत!" व्याही कानापर्यंत लाल. निघू या म्हणाले. पण पाटलांनी हाताला धरून ओट्यावर बसवलं. पाटलीणबाई चहा घेऊन आल्या. हकिकत ऐकून त्याही पदर तोंडाला लावून हसल्या, आणि मग अगदी साधेपणानं त्यांनी विचारलं, "आन् घरच्या ताईंना इचारलं का, त्यांना काय लावायचंय?"

व्याह्यांनी कप खाली ठेवला. चहा तसाच राहिला. परत येताना म्हसरूळच्या सिग्नलला ते पुटपुटले, "विचारायचं राहिलंच, व्याही," आणि सिग्नल हिरवा झाला तरी स्कूटर हलेना, मागचे हॉर्न वाजवायला लागले.

घरी आल्यावर त्यांनी वही काढली नाही. विहीणबाई मेथी निवडत बसल्या होत्या. हे पायरीवर बसले. "अगं, तुला काय लावायचंय?"

त्यांचा हात थांबला. "आत्ता विचारताय?"

"आत्ता विचारतोय."

त्यांनी हातातली जुडी बाजूला ठेवली, बोटांची माती झटकली. मग म्हणाल्या, "नांदगावचा चाफा असेल का हो अजून?"

त्या आठवड्यात व्याह्यांचा फोन रोज आला. तिकडची जुनी क्वार्टर्स पाडायला घेतली आहेत, असं त्यांच्या कानावर आलं होतं. हे विहीणबाईंना सांगायची त्यांची हिंमत होत नव्हती, म्हणून मला सांगायचे. "व्याही, नसला तर?" या माणसाच्या तोंडून आकड्याशिवायचा प्रश्न मी पहिल्यांदाच ऐकत होतो. मी म्हटलं, नसला तर नर्सरीतून आणू. "नर्सरीत तो नाही मिळणार," ते म्हणाले, आणि मला माझं बोलणं परत घ्यावंसं वाटलं.

रविवारी मी गाडी काढली. गुडघ्यांसाठी विहीणबाईंना पुढे बसवलं, त्यांच्या मांडीवर दशम्यांचा डबा. व्याही मागे. शबनम घरी ठेवून आले होते, त्यामुळे हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं. चांदवड गेलं, मनमाड गेलं, रस्त्याच्या कडेला सगळा पिवळा रखरखाट. नांदगावात शिरल्यावर ते मागून वाट सांगत होते, आणि त्यांनी "डावीकडे" म्हटल्यावर मी वळलो तर समोर क्वार्टर्सच्या पहिल्या रांगेच्या जागी विटांचे ढीग. आरशात मला त्यांचा चेहरा दिसला. त्यांनी तो खिडकीकडे फिरवला. तेवढ्यात विहीणबाईंनी माझ्या मनगटावर हात मारला, "थांबवा, थांबवा!" मी ब्रेक दाबला, दशम्यांचा डबा खाली पडला. दुसरी रांग उभी होती. कोपऱ्यातल्या घराच्या पत्र्याच्या वर, पानं एकही नसलेल्या जाडजूड फांद्या पसरल्या होत्या, आणि टोकाटोकाला पांढरे गुच्छ.

दार एका म्हाताऱ्या मुसलमान बाईंनी उघडलं. त्यांचा मुलगा तिथल्याच एका कचेरीत नोकरीला. तीन अनोळखी म्हातारी माणसं दारात बघून त्यांनी विचारलं, "कोण पाहिजे?" आणि व्याह्यांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "बाग बघायला आलोय."

"बाग? इथं कुठली बाग, भाऊ? एक झाड आहे."

"तेच," व्याही म्हणाले.

त्यांनी आम्हाला मागच्या अंगणात नेलं. "आम्ही आलो तेव्हापासून आहे," त्या सांगत होत्या. "कोण बाई लावून गेली म्हणतात. सगळी रांग भाजून निघते उन्हात, पण माझी भाजी इथं सावलीत निवडून होते. जिसने लगाया उसको रोज दुआ देती मैं. नाव माहीत नाही, तरी देते." विहीणबाई तोवर झाडापाशी पोचल्या होत्या. तळहात खोडावर ठेवून त्या नुसत्या उभ्या होत्या, एखाद्या मोठ्या झालेल्या मुलाची उंची बघावी तशा वर बघत. व्याही त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहिले. "हिनंच लावलाय तो," ते म्हणाले.

म्हाताऱ्या बाईंनी एकदा त्यांच्याकडे, एकदा विहीणबाईंकडे बघितलं. मग जाऊन विहीणबाईंचे दोन्ही हात हातात घेतले. "मग इतके दिवस कुठं होती तू, बाई?"

मी त्या वेळी दशम्यांचा डबा गाडीत राहिलाय असं सांगून बाहेर गेलो. परत आलो तेव्हा दोघी बाजेवर बसून सुनांविषयी बोलत होत्या, त्यातली एक माझी मुलगी, त्यामुळे मी लांबच थांबलो. निघताना त्या बाईंनी कोयत्यानं हातभर लांबीची एक फांदी तोडली आणि व्याह्यांपुढे धरली. ते दोन पावलं मागे सरकले. विहीणबाईंनी नुसतं त्यांच्याकडे बघितलं. "घ्या की, भाऊ," बाई म्हणाल्या, "तुमचीच अमानत आहे. मी फक्त सांभाळली." व्याह्यांनी दोन्ही हात पुढे केले. फांदीतून ठिबकणारा पांढरा चीक शर्टावर पडला, तोही त्यांनी पुसला नाही. तो डाग अजून गेलेला नाही आणि तो शर्ट ते दर रविवारी घालतात.

घरी आल्याआल्या ते फावडं घेऊन निघाले, तर विहीणबाई म्हणाल्या, "आठ दिवस सावलीत राहू दे. चीक वाळला पाहिजे, नाहीतर कुजते." जिल्हाभर लोकांना विचारत हिंडलेला हा माणूस बायकोच्या तोंडाकडे बघत राहिला आणि मग त्यानं निळी वही आणून ते लिहून घेतलं. आठ दिवसांनी विहीणबाई हळूहळू ओट्याच्या पायऱ्या उतरल्या, सगळ्या सुतळ्या बाजूला करून चालत गेल्या आणि काठीनं मातीत टोचून म्हणाल्या, "इथे." व्याह्यांचा हात शबनमकडे गेला आणि तसाच परत आला. खड्डा त्यांनीच खणला. कुंपणापासून किती, हे कुणालाही माहीत नाही.

मग महिनाभर ती काठी नुसती काठी. रोज सकाळी फोन, "अजून हजर नाही." जास्त पाणी घालू नका म्हणून विहीणबाईंना त्यांच्यावर पाळत ठेवावी लागायची. आणि मग एका बुधवारी पहाटेच्या चहाआधीच फोन वाजला. "व्याही," ते म्हणाले आणि 'उठलात का' विचारायचंसुद्धा विसरले. "व्याही, चाफा रुजू झाला."

मी दाढी न करताच गेलो. काठीच्या टोकाला करंगळीच्या नखाएवढी दोन पानं होती. शेजारी वही उघडी पडली होती, तिच्यात घरचा नकाशा: वर 'उ', मध्ये एकच टिंब आणि कब्जेदार म्हणून विहीणबाईंचं पूर्ण नाव. विहीणबाई स्वतः झाडाजवळ खुर्ची ओढून बसल्या होत्या.

"आता बदली नाही ना हो?" त्यांनी पानांकडे बघतच विचारलं.

व्याह्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "आली तरी," ते म्हणाले, "मी रुजू होणार नाही."

गुच्छ यायला अजून दोन उन्हाळे लागतील, असं विहीणबाई म्हणतात. रविवारी साडेसहाला फोन अजून येतो. मी जातो, आणि आम्ही तिघं त्या काठीसमोर खुर्च्या टाकून चहा पितो. दोन उन्हाळे म्हणजे किती, हे त्यांनी वहीत मांडलेलं नाही, आणि मीही विचारत नाही.